बारा मोटांची विहीर एकदा नीट स्कॅन करून ठेवा

संपादक महोदय, स.न.वि.वि.

साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटांची विहीर बघायला आता रविवारी केवढी गर्दी असते, पोरं रील्स काढतात, चांगलंच आहे, पण थोरल्या शाहू महाराजांच्या काळातल्या या विहिरीचं नीट मोजमाप पण घेऊन ठेवायला पाहिजे ना. नुसत्या फोटोत माप कळत नाही. लेझर स्कॅनर सेकंदाला लाखो ठिकाणांचं अंतर मोजतो, त्यातून दगडातली चीर, खांबावरचं कोरीव काम, भिंत कुठं फुगलीय ते सगळं मिलिमीटरमध्ये कळतं, आणि काही वर्षांनी परत स्कॅन केलं की काय सरकलं ते लगेच दिसतं. दाट झाडी असेल तिथं लायडार, म्हणजे वरून लेझर सोडून जमीन मोजायचं यंत्र, लागतं, कारण ड्रोनच्या फोटोत पानांखालची जमीन येत नाही.

पॅरिसचं जुनं नोत्र-दाम चर्च २०१९ ला जळालं तेव्हा आधीचं स्कॅन दुरुस्तीला कामी आलं. आपल्याकडे पडझड झाली की सिमेंट थापतात, मग जुनं कसं होतं ते कुणालाच सांगता येत नाही, खरंच जीव तुटतो.

मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा, घाट पण यात घ्या. प्रतापगड युनेस्कोच्या यादीत गेला म्हणून बाकीचं मागं पडायला नको. सिव्हिल इंजिनिअरिंगच्या पोरांना सोबत घ्या, आणि डेटा सगळ्यांना बघता येईल असा ठेवा.

– एक वाचक, सातारा