फरशीचा हिशोब आधी मांडणाऱ्या मिस्त्रीकाकांना जाहीर आभारपत्र

मिस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

कोथरूडच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घराची फरशी बदलून झाली आणि मंडळी राहायलाही आली. त्या कामावर देखरेख करणारे आम्ही दोघे हे पत्र मुद्दाम जाहीर लिहितो आहोत. घराची फरशी बदलायला काढणाऱ्या बहुतेकांना दुकानातला टाईलचा दर तोंडपाठ असतो, पण पूर्ण कामाला किती पैसे लागतील याचा अंदाज नसतो. तुम्ही पहिला हातोडा मारण्याआधीच तो आकडा कागदावर मांडून दिलात. त्याबद्दल आणि पुढच्या सगळ्या कामाबद्दल मनापासून आभार.

तुमचा तो कागद आम्ही जपून ठेवला आहे. ४०० चौरस फूट फरशी, ६०० बाय ६०० मिमीच्या व्हिट्रिफाइड टाईल्स. एका बॉक्समध्ये ४ नग, म्हणजे १५.५ चौरस फूट. कापाकापी, स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याशी लावायची टाईलची पट्टी) आणि शिल्लक ठेवायचा एक बॉक्स धरून ३० बॉक्स. जीएसटीसह ५५ रुपये फुटाने टाईल्सचे झाले २५,५७५ रुपये. लोक इथेच थांबतात. तुम्ही त्याखाली तोडफोडीचे ८,००० लिहिलेत, डेब्री म्हणजे राडारोडा खाली उतरवण्याचे ५,०००, टेम्पोच्या दोन खेपांचे ७,०००. सिमेंटच्या १४ गोण्यांचे ५,६००, ७० घनफूट क्रश सँडचे (दगड फोडून केलेल्या वाळूचे) ४,९००, भर टाकून लेव्हल करण्याची मजुरी ६,०००. टाईल चिकटवायच्या ॲडहेसिव्हच्या ९ गोण्यांचे ४,९५०, टाईल बसवण्याचे ४० रुपये फुटाने १६,०००, १५० रनिंग फूट स्कर्टिंगचे ३,७५० आणि सांधे भरायच्या ग्राऊटचे ३५०. एकूण ८७,१२५. म्हणजे फुटाला जवळजवळ २१८ रुपये, आणि त्यात टाईलचा वाटा तीस टक्केसुद्धा नाही. ५५ऐवजी ७० रुपयांची टाईल घ्यावी का, यावर घराघरात आठवडाभर चर्चा चालते. तो फरक इथे सात हजारांचा होता. तोडायचं की नाही, या निर्णयावर ३६,५०० चा खर्च अवलंबून होता, आणि त्याकडे लक्ष वेधणारे तुम्हीच.

कारण तुम्ही दुसराही हिशोब शेजारीच मांडला होता: जुनी फरशी तशीच ठेवून तिच्यावर टाईल. तोडफोड, डेब्री, सिमेंट, वाळू, भराची मजुरी सगळं वाचतं. ॲडहेसिव्ह मात्र जुन्या टाईलवर चालेल असं गोणीवर स्पष्ट लिहिलेलं घ्यावं लागतं आणि ते महाग पडतं. तरीही स्वस्तच. पण हा स्वस्त मार्ग तिथे चालेल की नाही हे तुम्ही अंदाजाने सांगितलं नाहीत. हातात पाच रुपयांचं नाणं घेऊन हॉलच्या एका कोपऱ्यापासून ओळीने प्रत्येक मोझेक लादीवर ठोकत गेलात. आवाज भरीव आला की पुढे, पोकळ आला की खडूची फुली. हॉलमध्ये निम्म्याहून जास्त लाद्यांवर फुल्या पडल्या. खालचा माल (सिमेंट-वाळूचा थर) लादीला सोडून सुटा झालेला असला, की वरची नवी टाईल कितीही चांगली चिकटवा, ती सुट्या लादीलाच चिकटलेली राहते. शिवाय टाईल आणि ॲडहेसिव्ह मिळून फरशी १२ ते १५ मिमी उचलते. मुख्य दार आतल्या बाजूला उघडणारं, त्याच्याखाली जेमतेम ६ मिमी जागा, आणि बाथरूमचा उंबरा आधीच बुटका. तुमचा सल्ला होता तोडा, आणि तो का, हे घरमालकांना फुल्या दाखवूनच पटवलंत.

डेब्रीचा आकडाही तुम्ही आधीच सांगून ठेवला होता. २२ मिमीची मोझेक लादी आणि तिच्याखालचा माल मिळून ७० मिमी जाडी. १०० चौरस फुटांतून साधारण १.३ टन राडारोडा निघतो, २५ किलोच्या ५२ गोण्या. ४०० फुटांच्या दोनशेच्या वर गोण्या, तिसऱ्या मजल्यावरून, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. हे आधी माहीत होतं म्हणून सोसायटीची परवानगी, गोण्या ठेवायची जागा आणि टेम्पो हे सगळं ठरवूनच तोडायला सुरुवात झाली. नाहीतर अशा गोण्या पार्किंगमध्ये पडून राहतात आणि शेजाऱ्यांशी भांडणं होतात.

तोडताना तुम्ही ब्रेकर फक्त खोलीच्या मधल्या भागात चालू दिलात. भिंतीलगतची एक फूट पट्टी छिन्नी-हातोड्याने काढून घेतलीत, कारण जुन्या घरांत वायरिंगचे पाईप बऱ्याचदा तिथूनच मालात दाबून नेलेले असतात. बाथरूमच्या उंबऱ्यापाशी तर स्वतः बसलात. आतलं वॉटरप्रूफिंग उंबऱ्याखालपर्यंत आलेलं असतं, ते दुखावलं की महिन्या-दोन महिन्यांनी खालच्या घराच्या छताला ओल दिसते. बाथरूमच्या फरशीला हात लावायचा झाला तर वॉटरप्रूफिंग नव्याने करावं लागतं, वर ४८ तास पाणी साठवून खाली ओल येते का ते बघावं लागतं. ते वेगळं काम आणि वेगळा खर्च, म्हणून ते या कामात घुसडू नका, हे तुम्ही पहिल्या दिवशीच सांगितलंत.

आता बेडरूमबद्दल. ३०५० बाय ३६०० मिमीची खोली. एका भिंतीपासून पूर्ण टाईल लावत गेलं असतं तर पाच टाईल्सनंतर समोरच्या भिंतीला ३० मिमीची चिंधी उरली असती. एवढी बारीक पट्टी कापताना तुटते, बसली तरी तिला धरायला खाली पुरेसं ॲडहेसिव्ह मिळत नाही, आणि भिंत जराशी वाकडी असली तर ती पहिली त्या पट्टीतच दिसते. तुम्ही गुण्या (काटकोन बघायचं अवजार) लावून मध्यरेषा काढलीत, दोन ओळी कोरड्याच मांडून पाहिल्यात आणि मधे चार पूर्ण टाईल्स, दोन्ही कडांना ३१५ मिमीचे तुकडे अशी मांडणी ठरवलीत. पहिल्यांदा ऐकताना ही मांडणी टाईल वाया घालवणारी वाटते. पण कापून उरलेल्या प्रत्येक २८५ मिमीच्या तुकड्यातून १०० मिमी उंचीच्या दोन स्कर्टिंग पट्ट्या निघाल्या. सहा ओळींच्या २४ पट्ट्या, आणि दार सोडून खोलीला लागत होत्या २१. स्कर्टिंग धरून दोन्ही पद्धतींनी ९च बॉक्स लागतात. निम्म्या पट्ट्यांना कंपनीची मूळ कड होती, त्या डोळ्यांसमोरच्या भिंतींना लावल्यात. दोन्ही बाजूंनी कापलेल्या पट्ट्या कपाट आणि पलंगामागे गेल्या.

चारही भिंतींना ५ मिमीची फट सोडलीत, तीही स्कर्टिंगखाली झाकली गेली. ही फट मालाने बुजवून टाकणं फार सर्रास चालतं. मग तापमान बदललं की टाईल्सना हलायला जागा राहत नाही आणि एक दिवस मधल्या दोन टाईल्स आवाज करून तंबूसारख्या उचलल्या जातात. लोक टाईलच्या कंपनीला दोष देतात.

५० मिमीची १:४ ची (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) भर सात दिवस ओली ठेवून, नंतर सुकू देऊनच तुम्ही चिकटवायला घेतलंत. घाईचा आग्रह झाला तरी मान्य केला नाहीत, याचे विशेष आभार. व्हिट्रिफाइड टाईल पाणी जवळजवळ पितच नाही, अर्ध्या टक्क्याहून कमी. म्हणून जुन्या लादीसारखी ती सिमेंटच्या रबडीवर नीट धरत नाही, आणि बसवण्याआधी भिजवून ठेवण्यालाही अर्थ नसतो. तुमची मुलं प्रत्येक टाईलच्या पाठीवरची पांढरी भुकटी ओल्या फडक्याने पुसत होती. ॲडहेसिव्ह गोणीवर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात कालवून पाच मिनिटं ठेवायचं, पुन्हा ढवळायचं, आणि घट्ट व्हायला लागलं तर वरून पाणी न घालता टाकून द्यायचं. खाचेच्या थापीने सगळ्या रेघा एकाच दिशेने ओढायच्या, म्हणजे टाईल दाबताना खालची हवा बाहेर पडते. चार कोपरे आणि मधे एक असे पाच गोळे ठेवून टाईल दाबली, तर गोळ्यांमधल्या पोकळीवर जड वस्तू पडताच टाईल तडकते.

दर खोलीत एक टाईल बसवून लगेच उचलून पाठ बघायची तुमची सवय आम्हाला फार आवडली. हॉलमध्ये एका कोपऱ्याला माल लागलेला नव्हता. भर तिथे दोन मिमी खाली होती. तुम्ही काही न बोलता थापी घेतलीत, पाठीवरही पातळ थर ओढलात आणि टाईल पुन्हा बसवलीत. काम झाल्यावर आम्ही नाणं घेऊन सगळी फरशी वाजवून पाहिली. एकही पोकळ आवाज नाही.

२ मिमीचे सांधे चोवीस तासांनी भरले गेले, ४०० फुटांना ५ किलो ग्राऊट पुरलं. शिल्लक बॉक्स बॅच नंबर आणि शेड नंबर वर येईल असा माळ्यावर ठेवला आहे. पुढे एखादी टाईल फुटली तर त्याच बॅचची बाजारात मिळत नाही, हे तुमचं सांगणं घरमालकांनी बॉक्सवरच पेनाने लिहून ठेवलं.

ठरलेल्या रकमेतला शेवटचा हप्ता तुमच्या खात्यात भरला आहे, तेवढा बघून घ्या. तुमच्या हाताखाली तयार होत असलेल्या दोन्ही मुलांनाही आमचे आभार सांगा. पुढच्या महिन्यात शेजारच्या इमारतीतली फरशी बघायला याल तेव्हा नाणं आणि खडू आम्ही घेऊन येतो.

कळावे, लोभ आहेच, वाढावा ही विनंती.

आपले,
कामावर देखरेख करणारे आम्ही दोघे