आजीच्या कॅसेटी आधी भरा

पुणे, रविवार रात्र

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

नऊला पोचले. आई, शेंगदाण्याची चटणी अर्धी संपलीसुद्धा.

बाबा, द्वारका सर्कलला सोडायला आलात तेव्हा म्हणालात, "फोनवर मला उलगडत नाही, लिहून पाठव." म्हणून हे पत्र. प्रिंटरखालच्या फायलीत ठेवा.

तुमच्या कॉम्प्युटरचं साऊंड कार्ड गेलेलं नव्हतं. कॅसेटी कॉम्प्युटरमध्ये भरता येईनात, दुकानदाराने मदरबोर्ड बदला म्हटलं आणि तुम्ही कॅसेटींची पिशवीच भंगारात काढली, हे आईने सांगितलं आणि माझ्या पोटात गोळा आला. अहो, त्या पिशवीत आजी आहे.

झालं होतं एवढंच. विंडोजच्या अपडेटने आवाजाची चिप बनवणाऱ्या रिअलटेक कंपनीचा मूळचा ड्रायव्हर बाजूला सारून आपला साधा ड्रायव्हर बसवला. आवाजाच्या चिपकडून काम कसं करून घ्यायचं, हे विंडोजला सांगणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. त्या साध्या ड्रायव्हरवर स्पीकर चालत होते. गाणी ऐकू येत होती म्हणून तुम्हाला वाटलं, टेपरेकॉर्डरची केबल घालायचं मागचं निळं सॉकेटच, म्हणजे लाइन-इन, मेलं. ते धडधाकट होतं, नव्या ड्रायव्हरला त्याची ओळख नव्हती.

पुन्हा असं झालं तर घाबरू नका. खाली स्पीकरच्या चिन्हावर राइट क्लिक, साऊंड सेटिंग्ज, अगदी तळाशी 'मोअर साऊंड सेटिंग्ज', आणि त्यात 'रेकॉर्डिंग'. तिथल्या रिकाम्या जागेत राइट क्लिक करून 'शो डिसेबल्ड डिव्हायसेस' आणि 'शो डिस्कनेक्टेड डिव्हायसेस' या दोन्हींवर टिक करा. पुष्कळदा लाइन-इन नुसतं बंद पडलेलं असतं, 'एनेबल' केलं की काम झालं. आपल्याकडे तिथेही काही उगवलं नाही. मग डिव्हाइस मॅनेजर उघडला, तर रिअलटेकच्या जागी 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' असं लिहिलेलं. ड्रायव्हर बदलल्याची खूण ती हीच. 'अपडेट ड्रायव्हर' दाबलं की विंडोज सांगतं, सगळ्यात चांगला ड्रायव्हर आधीच आहे. तिथे थांबू नका. खरा ड्रायव्हर मदरबोर्ड कंपनीच्या साइटवर, आपल्या मॉडेलच्या पानावर असतो. मी तो उतरवून डी ड्राइव्हमध्ये 'बाबा साऊंड' नावाने ठेवलाय. डबल क्लिक करा, विचारेल त्याला हो म्हणा आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. गूगलवर वरच दिसणारे 'ड्रायव्हर अपडेटर' मात्र अजिबात घेऊ नका, त्यातले बरेचसे पैसे मागतात नाहीतर नको ते घुसवतात.

आणि केबल गुलाबी सॉकेटमध्ये घालायची नाही. ते माइकचं. माइकचा सिग्नल अगदी क्षीण असतो म्हणून तिथे तो वाढवला जातो. टेपरेकॉर्डरचा आधीच जोरकस असतो, त्यामुळे आवाज फाटतो. तुमची पहिली फाइल तशीच फाटली होती.

शनिवारी संध्याकाळी रीस्टार्ट झाल्यावर निळी पिन घातली आणि लाइन-इनपुढची हिरवी पट्टी हलली, तेव्हा तुम्ही चष्मा काढून पुसलात. मी पाहिलं. मग जात्याची घरघर आली, आजीच्या बांगड्या वाजल्या आणि ओवीच्या मधेच ती म्हणाली, "बंद कर रे ते, दूध उतू जाईल." आई स्वयंपाकघरातून धावत आली, हात पिठाचेच. मी सातवीत असताना आजी गेली. तिचा आवाज मी विसरले होते, हे मला शनिवारी कळलं.

म्हणून बाबा, गोदाघाटावरच्या वसंत व्याख्यानमालेच्या कॅसेटी नंतर. ती भाषणं आणखीही कुणीतरी टेप केली असतील. आजीच्या चार कॅसेटी जगात फक्त आपल्याकडे आहेत, आणि वर्षं जातात तशी टेप खराब होत जाते. साठ मिनिटांची कॅसेट भरायला साठच मिनिटं लागतात, त्यात घाई चालत नाही. रोज दुपारी एक बाजू भरा. पट्टी लाल होत असेल तर लाइन-इनचा लेव्हल कमी करा. तासाभराची फाइल साधारण ६०० एमबीची होते, जागा भरपूर आहे. प्रत्येक फाइल पेनड्राइव्हवरही घ्या.

आई, तू शेजारी बस. कोण बोलतंय, कुठल्या सणाचं आहे, हे तुलाच ओळखू येतं. ते वहीत लिहून ठेव.

पांढऱ्या कॅसेटची टेप आत गुरफटली आहे. तिला मी येईपर्यंत हात लावू नका, लावूच नका. पुढच्या महिन्यात दोन दिवस रजा काढते.

तुमची,
मनू