नवा मासा आधी टबात, मग टाकीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परीक्षा संपल्या की लातूरच्या अ‍ॅक्वेरियमच्या दुकानांत गर्दी होते. पोरं हट्ट धरतात आणि आईबाप टाकी घेऊन देतात. घरांत, दवाखान्यांत, हॉटेलांत माशांच्या टाक्या बसवायच्या आणि सांभाळायच्या, हे माझं रोजचं काम. त्यामुळे सुट्ट्या लागून थोडे दिवस झाले आणि फोन वाजायला लागला की पलीकडून काय ऐकू येणार ते मला ठाऊक असतं : "नवीन आणलेले गेले, आता जुनेपण तळाला बसलेत." याबद्दल आपल्या वाचकांशी जरा सविस्तर बोलावं म्हणून हे पत्र.

फोनवरचं पुढचं वाक्यही बऱ्याचदा ठरलेलं असतं, "घरावरचं संकट माशानं घेतलं." वास्तूसाठी आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ गोल्डफिश ठेवणारी घरं आपल्याकडे पुष्कळ आहेत. कुणाच्या श्रद्धेला मला धक्का लावायचा नाही. पण या समजुतीपायी मासा कशानं मेला हे कुणी बघतच नाही. काळा मेला की त्याच संध्याकाळी दुसरा काळा येतो. पिशवी पंधरा मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवतात आणि मग पिशवीतल्या पाण्यासकट त्याला टाकीत ओततात. काही दिवसांत उरलेले आठ काचेला, दगडाला अंग घासायला लागतात.

नव्या माशाबरोबर काय येतं ते एकदा नीट बघायला हवं. आपल्याकडचे शोभेचे मासे बहुतेक कोलकाता, चेन्नईतलं कोळत्तूर किंवा मुंबईच्या कुर्ल्याच्या बाजारातून थर्माकोलच्या खोक्यांतून येतात. गोल्डफिश मातीच्या तळ्यांत वाढवलेले असले तर कल्ल्याजवळ किंवा पंखाच्या मुळाशी हिरवट-पांढरा धागा लोंबताना दिसतो. तो अँकर वर्म. अंगाला चिकटलेला चपटा, पारदर्शक ठिपका दिसला आणि तो सरकला, तर ती माशाची ऊ, आर्ग्युलस. दोन्ही झिंग्याच्या कुळातले जीव आहेत. गप्पी आणि मोलीत मासा स्थिर असताना शेपटीकडून बारीक लाल दोरे बाहेर डोकावतात, ते पोटातले जंत असतात. हे सगळं नुसत्या डोळ्यांनी दिसतं. फक्त बघण्याइतका वेळ मासा आपल्यासमोर वेगळा राहायला हवा.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगानं होतं. एका पॅथॉलॉजी लॅबमधली टाकी माझ्याकडे आहे. तिथल्या डॉक्टरांनी मेलेल्या माशाच्या कल्ल्याचा खरवडा काचपट्टीवर घेऊन मला सूक्ष्मदर्शकातून दाखवला होता. गोल, गडद रंगाचा एक जीव अंगभरच्या केसांच्या हालचालीनं संथ गरगरत होता आणि त्याच्या मध्यभागी घोड्याच्या नालाच्या आकाराचं केंद्रक स्वच्छ दिसत होतं. त्याचं नाव इक्थिओफ्थिरियस. लोक याला इक म्हणतात. माशाच्या कातडीखाली तो फुगतो, मोठा होऊन गळून पडतो, तळाला चिकटून स्वतःभोवती कवच करतो आणि एकाचे शेकडो होऊन पाण्यात सुटतात. या सुटलेल्या पिल्लांना दोनेक दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. औषध लागू पडतं ते याच पोहत्या अवस्थेत. कातडीखाली किंवा कवचात असताना ते पोचत नाही. म्हणून ठिपके गेले की औषध बंद करणाऱ्यांच्या टाकीत रोग परत उलटतो. पंचवीस अंशांच्या आसपास हे चक्र आठवडाभरात पुरं होतं. डिसेंबरात रात्री पाणी वीसच्या खाली उतरलं की ते लांबतं, आणि मासा दुकानात धडधाकट दिसला तरी रोग त्याच्या कल्ल्यांत असू शकतो. नव्या माशाला चार आठवडे वेगळं ठेवा असं मी सांगतो ते या हिशोबानं.

वेगळं ठेवायचं म्हणजे दुसरी महागडी टाकी घ्यायची असं नाही. चाळीस-पन्नास लिटरचा प्लास्टिकचा टब पुरतो. त्यात खडी-वाळू घालायची नाही, तळ उघडा ठेवायचा. विष्ठा कशी आहे, अन्न उरलंय का, हे मग लगेच कळतं आणि गळून पडलेली घाण नळीनं ओढून काढता येते. लपायला पीव्हीसी पाइपचा एखादा तुकडा, वरून जाळीचं झाकण, कारण नवा मासा उडी मारतोच. आणि स्पंज फिल्टर. हा स्पंज आधी तीन-चार आठवडे जुन्या टाकीत चालू ठेवलेला असावा. माशाच्या अंगातून अमोनिया सुटतो, त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू स्पंजात वस्तीला आलेले असतात. कोरा स्पंज लावला तर टबात मासा स्वतःच्याच अमोनियानं भाजतो. टबाची जाळी, पाणी काढायचा मग, नळी सगळं वेगळं. आधी मोठ्या टाकीचं काम उरकायचं, मग टबाला हात लावायचा, उलटं कधीच नाही. मी प्रत्येक घराची जाळी वेगळी ठेवतो आणि ती उन्हात खडखडीत वाळवतो. आपल्याकडच्या उन्हाचा एवढा उपयोग करून घ्यायलाच हवा.

रात्री दिवे मालवून टॉर्चचा उजेड माशावर तिरपा टाका. ठिपके असतील तर चमकतात आणि अंगावर सोनेरी पूड उडाल्यासारखं दिसलं तर तो व्हेल्व्हेट नावाचा रोग, तोही तितकाच वाईट. कल्ला एकाच बाजूचा हलतो का, पंख मिटलेले आहेत का, खातो की तोंडात घेऊन थुंकतो, हे रोज दोन मिनिटं बघा. काही दिसलं नाही तर औषध घालू नका. निळं औषध आणि प्रतिजैविकं सरसकट ओतण्याची सवय फार पसरली आहे. मिथिलीन ब्लूनं स्पंजातले उपयोगी जिवाणूही मरतात आणि मग अमोनिया वाढतो.

आता पाण्याचं. पंधरा मिनिटं पिशवी तरंगत ठेवल्यानं फक्त तापमान जुळतं. आपल्याकडे खरा फरक क्षारांत आहे. मराठवाड्याखाली काळा बेसाल्ट आहे. बोअर जितका खोल तितकं पाणी जड मिळतं असा माझा अनुभव आहे. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत चालतील, असं भारतीय मानक सांगतं. माझ्या मीटरवर हजाराच्या वर जाणारे बोअर लातुरात सर्रास भेटतात. मुंबईचं तलावाचं पाणी याच्या तुलनेत अगदी हलकं. त्या पाण्यातला निऑन टेट्रा, ज्याचं मूळ अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या मऊ पाण्यात आहे, अर्ध्या तासात आपल्या बोअरच्या पाण्यात गेला तर त्याच्या कल्ल्यांना आणि मूत्रपिंडांना हा क्षारांचा बदल झेपत नाही. तो लगेच मरत नाही, एक-दोन दिवसांनी मरतो आणि दोष टाकीच्या जागेला किंवा दिशेला जातो.

यावर माझा उपाय असा, की टबातलं पाणी आधी पिशवीतल्या पाण्यासारखं करायचं. दुकानातल्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, मोजून घ्यायचा, घरच्या पाण्यात आरओचं पाणी मिसळून टब त्या आकड्याच्या जवळ आणायचा आणि मासा त्यात सोडायचा. पुढच्या चार आठवड्यांत पाणी बदलताना दर वेळी घरचं पाणी थोडं थोडं वाढवत न्यायचं. रोगावर नजर ठेवणं आणि पाण्याची सवय लावणं, दोन्ही एकाच टबात होतं. गप्पी, मोली, प्लॅटी, स्वोर्डटेल यांना मुळात जड पाणी मानवतं, त्यामुळे नवख्यांना मी हेच मासे सुचवतो. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन घालवायला हायपोचे (सोडियम थायोसल्फेटचे) खडे घाला किंवा पाणी उघडं ठेवून चोवीस तास हवा सोडा.

मासा गावातल्याच दुकानातून आणला असेल तर बारीक नळीला गाठ मारून टबातलं पाणी पिशवीतल्या पाण्यात थेंब थेंब सोडण्याची पद्धत चांगली आहे, तासाभरात पाणी दुप्पट होऊ द्यावं. लांबून, रात्रभर प्रवास करून आलेल्या पिशवीला मात्र ही पद्धत लावू नका. बंद पिशवीत माशाच्या श्वासानं कार्बन डायऑक्साइड साठतो, पाणी आम्लधर्मी होतं आणि त्यामुळे अमोनिया कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो, म्हणजे आम्लता कमी होते, आणि तोच अमोनिया विषारी होतो. अशा वेळी बंद पिशवी तरंगत ठेवून तापमान जुळवा, उघडल्यावर वेळ न घालवता जाळीनं मासा उचलून तयार टबात सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत तर नाहीच, टबातही नको.

मे महिन्यात पिशवी दुपारी स्कूटरच्या डिकीत ठेवून आणू नये. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांना साडेसात. लाइट गेल्यावर छोट्या टबात तो लवकर संपतो, म्हणून बॅटरीवर चालणारा पंप जवळ असावा. पहिलीच टाकी असेल तर जपायला जुने मासे नसतात, म्हणून वेगळा टब नको, पण एकाच दिवशी टाकी माशांनी भरू नका.

लातूरकरांसाठी आणखी एक गोष्ट. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तो उन्हाळा इथं कुणी विसरलेलं नाही. दोनशे लिटरच्या टाकीत रोग शिरला की पुन्हा पुन्हा अर्धी टाकी उपसावी लागते. तोच रोग टबात अडवला तर दहा-पंधरा लिटर बदलून भागतं आणि औषध नसलेलं ते पाणी कुंड्यांना घालता येतं. नळाची वाट बघणाऱ्या गावात मासे पाळायचे तर असेच पाळले पाहिजेत.

दुकानदार बांधवांना माझी विनंती आहे. त्यातले बरेच माझे रोजचे लोक आहेत आणि धंद्याची ओढाताण मला माहीत आहे. तरी माल कधी आला ती तारीख प्रत्येक टाकीवर लिहा, शेजारी पाण्याचा टीडीएस लिहा आणि आल्या दिवशी मासा विकू नका. एकाच पंपावर आणि एकाच पाण्यावर सगळ्या टाक्या जोडलेल्या असतील तर गिऱ्हाइकाला तसं सांगा. गिऱ्हाइकांनीही हे विचारल्याशिवाय पैसे काढू नयेत. आरोग्य खात्याकडून डासांसाठी मिळालेले किंवा नालीतून धरून आणलेले गप्पी मुलं हौसेनं टाकीत सोडतात, त्यांनाही हाच चार आठवड्यांचा नियम लावा.

आणि नको झालेला किंवा आजारी मासा विहिरीत, तलावात, मांजरा नदीत सोडू नका. काच साफ करतो म्हणून आणलेला सकर मासा हातभर वाढला की लोक तेच करतात. आंध्र, बंगाल, केरळच्या पाण्यात तो पसरला आहे आणि मासेमारांची जाळी फाडतो. धनेगावच्या धरणावर पोट असलेल्या मासेमारांवर ती वेळ येऊ नये. असा मासा दुकानात परत द्या, नाहीतर माझ्यासारख्या टाकीवाल्याला बोलवा, आम्ही येऊन घेऊन जातो.

आपला,
टाक्यांची देखभाल करणारा एक वाचक,
औसा रोड, लातूर