बंबात गेलेली दोन पोती मोडी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्टीत एका दिवसात कुठे जाऊन येता येईल याचं पान तुमच्या पेपरात आलं की आमच्याकडे वाद ठरलेला, पण यावेळी सासूबाईंनी सरळ सांगून टाकलं की वाईलाच जायचं, आपलं मूळ घर आहे तिथे आणि पोरांनी अजून पाहिलेलंपण नाही. रविवारी सकाळी सहाला पुण्यातून निघालो, खंबाटकीत एक ट्रक बंद पडलेला त्यात तासभर गेला, सुरूर फाट्याला वळलो तेव्हा कुठे गाडीतली कुरकुर थांबली.

आधी ढोल्या गणपती. रास्त्यांनी १७६२ ला बांधलेलं देऊळ, मागची भिंत माशासारखी निमुळती म्हणजे कृष्णेच्या पुराचं पाणी दोन बाजूंना फुटून जातं, हे ऐकल्यावर मुलगा मूर्ती सोडून भिंतच बघत बसला. मग मेणवलीचा घाट. तिथे ती मोठी घंटा आहे ना, चिमाजी अप्पांनी १७३९ ला वसई घेतली तेव्हाची पोर्तुगीजांची, तिच्यावर मेरी आणि बाळ येशू कोरलेत आणि १७०७ साल आहे. लेकीने मान वाकडी करून ते साल लगेच वाचलं. हे मुद्दाम सांगतेय, कारण दुपारी घरी गेल्यावर आमची सगळ्यांचीच फजिती झाली.

घरात आता फक्त चुलत सासरे आणि काकू असतात. काकांचं वय ८६. जेवणं झाल्यावर त्यांनी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक काढायला लावली, त्यात लाल कापडात बांधलेला एक रुमाल, म्हणजे कागदांचं गाठोडं, आणि आत पिवळे पडलेले मोडी कागद, म्हणजे पूर्वी मराठी जिच्यात लिहायचे त्या मोडी लिपीतले. वरची रेघ आधी एका दमात पानभर ओढलेली आणि अक्षरं तिला लटकलेली, दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखी, शब्द कुठे तुटतो कळत नाही, ऱ्हस्व दीर्घाचा तर पत्ताच नाही. आम्ही सात माणसं, त्यात दोन इंजिनियर, एक बीकॉम आणि मी स्वतः मराठी घेऊन एमए, आणि एकालाही ओळ वाचता येईना! मुलाने मोबाईलवर फोटो काढून बघितला तर त्याने भलतंच काहीतरी दाखवलं. शेवटी काकांनी चष्मा कपाळावर सरकवून कागद नाकाशी धरला. त्यांना शाळेत थोडी मोडी होती, मग १९५० च्या आसपास ती बंदच झाली. बोट फिरवत फिरवत "श्री" म्हणाले, बऱ्याच वेळाने "रुपये" म्हणाले, आणि मग बोट थांबलं ते थांबलंच. "पुढचं पळालं गं डोक्यातून," म्हणाले.

काकू आतून सहज बोलून गेल्या, की अशी अजून दोन पोती होती, वाळवी लागायला लागली म्हणून बंबात घातली, चांगलं आठवडाभर पाणी तापलं. काकूंना काय बोलणार, वाचताच येत नसेल तर तो कागद म्हणजे जळणच की. आणि हे कुठे, तर मेणवलीपासून हाकेच्या अंतरावर, जिथे नाना फडणवीसांच्या वाड्यातलं दफ्तर इतिहाससंशोधक पारसनीसांच्या हाती लागलं म्हणून वाचलं. मोठ्यांच्या दफ्तराला कोणीतरी भेटतं, आमच्यासारख्यांच्या ट्रंकेला कोण?

बरं याचा उपयोग काय असं कोणी विचारेल, तर २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती नेमली तेव्हा मोडी वाचणारी माणसं शोधत फिरायची वेळ आली होती हे सगळ्यांनी पाहिलंय. जुने जमिनीचे व्यवहार, खतं, घरातल्या वाटण्या, सगळं मोडीत. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ मोडीचे वर्ग घेतं, चांगली गोष्ट आहे, पण वाईच्या किंवा भोरच्या माणसाने त्यासाठी पुणं गाठायचं का? तालुक्याच्या वाचनालयात मे महिन्यात दहा दिवसांचा वर्ग घ्यायला काय हरकत आहे, तिथे निवृत्त मास्तर मंडळी नक्की मिळतील. २०१४ पासून युनिकोडमध्येपण मोडी आलीये, म्हणजे कॉम्प्युटरला चालते, आपल्यालाच चालत नाही. "ध चा मा" मात्र पोरांना पाठ, पण तो ध आणि तो मा मोडीत कसा दिसतो हे माझ्या दोघांपैकी एकालाही माहीत नव्हतं. मलातरी कुठे होतं.

तुम्हाला विनंती एवढीच, की रविवारच्या पुरवणीत सुडोकूशेजारी चार बोटं जागा मोडीला द्या. आठवड्याला दोन अक्षरं आणि खाली जुन्या कागदातली एक ओळ, उत्तर पुढच्या रविवारी. वर्षभरात बाराखडीचा बराच भाग होईल, आणि आमच्या घरात तरी सुडोकूच्या आधी तेच सोडवलं जाईल.

त्या कागदाचा फोटो सोबत पाठवणार होते, पण काकांनी हात जोडले. म्हणाले, "रुपये एवढंच कळलंय, दिलेत की घेतलेत ते नाही. आधी ते कळू दे, मग छापा."

आपली,
एक वाचक, पुणे