कोबीचं पान आणि चुन्याचे ठिपके

प्रिय मावशी,

पोलिशमधलं पत्र तुम्हाला वेगळं पाठवलंय. हे मराठीतलं आमच्या माणसांसाठी. गेल्या जूनमध्ये तुम्ही माझ्या आईसाठी काय केलंत ते इकडे सगळ्यांना कळलंच पाहिजे, असा तिचा हट्ट आहे. माझाही.

आई कोल्हापूरहून पहिल्यांदाच माझ्याकडे पोलंडमध्ये क्राकुफला आली होती. भिंतींवर फुलं काढणारं गाव दाखवायला मी तिला रविवारी झालिप्येला आणलं. तिथं तिचा पाय मुरगळला आणि परतीला बसही नाही असं कळलं. तुम्ही विहिरीपाशी होतात. एक शब्द न विचारता आईला धरून आत नेलंत, कोबीचं पान लाटण्यानं ठेचून घोट्यावर बांधलंत. "आंबेहळद असती तर बरं झालं असतं," आई कण्हत म्हणाली. मी ते तुम्हाला सांगितलं, तर ती हळद कशी असते, कशी लावतात, हे तुम्ही खोदून खोदून विचारलंत. तेवढ्यात आई दुखणं विसरली होती.

तिनं तुमच्या छताकडे बोट दाखवलं आणि तुमची गोष्ट सुरू झाली. पूर्वी इथल्या घरांना धुराडं नसायचं. चुलीचा धूर घरभर फिरून छपरातल्या भोकातून बाहेर जायचा, भिंती काळ्या पडायच्या. बायका चुना लावायच्या, काळ्या भिंतीवर कुंचल्यानं पांढरे ठिपके उठवायच्या. पुढे धुराडी आली, भिंती पांढऱ्या राहू लागल्या आणि ठिपक्यांची फुलं झाली. रंगाला काजळी, माती, दूध. कुंचल्याला गाईच्या शेपटीचे केस. आमच्या आजोळी चुलीमागची भिंत दर सणाला पांढऱ्या मातीनं पोतारायचे, त्यामुळे आईला यातलं काहीच समजावून द्यावं लागलं नाही. फोटो काढून पुढे जाणाऱ्यांना वाटतं, हे सगळं पर्यटकांसाठी सजवलंय. मला ते मनापासून चुकीचं वाटतं. त्या भिंतींमागे काजळीशी झगडणाऱ्या बायका आहेत.

तुमच्या गावच्या चित्रकार फेलित्सिया त्सुरिवोवा (१९०४–१९७४) यांचं नाव काढलंत तेव्हा तुमचा आवाज बदलला. त्यांचं घर आता तार्नुफच्या संग्रहालयाची शाखा आहे. दुसऱ्या दिवशी बघा म्हणालात, पण आम्हाला परतायचं होतं. ते राहूनच गेलं. १९४८ साली, महायुद्धातून गाव नुकतं सावरत असताना, रंगवलेल्या घरांची स्पर्धा सुरू झाली. ती आजही 'बोझे च्यावो' (कॉर्पस क्रिस्टी) या ख्रिस्ती सणानंतर भरते, म्हणून त्याआधी घरोघरी कुंचले निघतात. तुमच्या विहिरीवरचा रंगही अजून ओला होता.

मी वळिवड्याचं सांगितलं तेव्हा तुमच्या हातातला चमचा थांबला होता. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या त्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहिली, बहुतेक बायका आणि मुलं. तुम्ही एवढंच विचारलंत, "तिकडचा पाऊस कसा असतो?" आईनं दोन्ही हातांनी छपरावरचा पाऊस वाजवून दाखवला.

निघताना तुम्ही तिच्या हाती कुंचला दिलात. कुत्र्याच्या घराची एक बाजू कोरी होती. तिला कुंचला काही जमेना, म्हणून तिनं चुन्यात बोट बुडवून सरळ ठिपके दिले, रांगोळीला देतो तसे, एकाखाली एक. तुम्ही टाळी वाजवलीत, "पात्स्की!" काळ्या भिंतीवरच्या त्या जुन्या पांढऱ्या ठिपक्यांना तेच म्हणतात, हे मला नंतर कळलं. मग ठिपक्यांच्या मधोमध तुम्ही एक लाल फूल काढलंत.

रात्री तुमच्या मुलानं तीसेक किलोमीटर गाडी चालवून आम्हाला तार्नुफ स्टेशनवर सोडलं, पेट्रोलचे पैसे घेतले नाहीत. गाडीत आई एकदाच बोलली: "सख्ख्या बहिणीनं याहून काय केलं असतं?" परक्या देशात माझ्या आईला कुणी इतकं आपलं मानलं, याचे आभार मानायला मला खरंच शब्द पुरत नाहीत, मावशी.

सोबतच्या पुडक्यात आंबेहळद आहे. उगाळून, कोमट करून लावायची. पांढरी पूड रांगोळीची. ती चुन्यात कालवू नका. कोरडीच चिमटीत धरून दारापुढे सोडायची.

तुमची,
कोल्हापूरची भाची