रंगवलेला माठ आणि कोमट पाणी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उन्हाळा तोंडावर आला की शहरांतील हस्तकला प्रदर्शनांत वारली चित्रे, मोर नि कमळे रंगवलेले माठ मांडले जातात आणि लोक ते हौसेने घेतात. गेल्या वर्षी मीही असा एक माठ आणला. परंतु आठ दिवस भरून ठेवूनही त्यातले पाणी कोमटच राहिले, कारण गळ्यापासून बुडापर्यंत त्यावर ऑइलपेंटचा थर होता. माठातले पाणी मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून पाझरते, बाहेर त्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून खेचली जाते, म्हणून ते गार होते. (मुंबईच्या दमट हवेत कोणताच माठ विदर्भातल्याइतके गार पाणी देणार नाही, हे मान्य.) छिद्रेच बुजवल्यावर उरते ती शोभेची वस्तू, आणि तीही रंगाचे पोपडे सुटेपर्यंतच.

माठ सुंदर दिसण्यासाठी त्यावर काहीतरी चितारलेच पाहिजे, हा समज कुंभाराच्या कसबावर अन्याय करणारा आहे. चाकावरून उतरलेला जाड घडा थोडा सुकला की कुंभार आतून गोळ्याचा आधार देत बाहेरून थापीने तो थोपटत वाढवतो. त्यामुळे भिंत पातळ व सारखी होते आणि बूड गोल येते. ही गोलाई डोळ्यांना सुखावते खरी, पण घडवंचीवर ठेवलेल्या माठाला खालूनही वारा लागतो तो तिच्यामुळेच. संक्रांतीच्या अस्सल काळ्या सुगडांचा रंगही ब्रशने दिलेला नसतो; भाजताना धूर आत कोंडल्याने तो मातीतच मुरलेला असतो.

दोष कुंभारांचा नाही. साध्या माठासाठी दहा रुपयांवरून घासाघीस करणारे आपणच रंगवलेल्या माठाला विनातक्रार जास्त पैसे मोजतो, तेव्हा ते रंग लावणारच. नक्षी हवीच असेल, तर भाजण्यापूर्वी गळ्याभोवती मातीच्याच रंगाने ओढलेल्या चार रेघा पुरेशा आहेत, असे माझे मत आहे.

प्रदर्शनांच्या आयोजकांना एकच विनंती आहे. माठ विकणाऱ्या प्रत्येक गाळ्यावर विक्रीतलाच एक माठ आदल्या रात्री भरून ठेवायला सांगावे आणि शेजारी पेला ठेवावा. उत्कृष्ट कारागिरीचे बक्षीस द्यायचे असल्यास परीक्षकांनी आधी त्यातले पाणी प्यावे.

– एक वाचक, सातारा