मंत्रीसाहेब, जुनी गादी टाकायची कुठं तेवढं सांगा

मा. ग्रामविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

साहेब, नमस्कार.

मी सिंधुदुर्गातला, किनाऱ्याजवळच्या एका छोट्या गावातला. पत्र रस्त्यासाठी नाही, नळाच्या पाण्यासाठी नाही, कुणाच्या बदलीसाठी तर अजिबातच नाही. विषय ऐकून तुमचे पीए हसतील कदाचित, हसू देत. मला एवढंच विचारायचंय की गावातल्या माणसाने जुनी गादी, मोडका सोफा, पाण्याने फुगलेला प्लायवूडचा दिवाण, बंद पडलेला फ्रीज, फुटलेली सिंटेक्सची टाकी, बाथरूम नवीन केल्यावर निघालेला कमोड, हे सगळं नेऊन टाकायचं कुठं? म्हणजे रीतसर, कुणाच्या शिव्या न खाता, आणि खिशाला परवडेल असं कुठं?

रोजच्या कचऱ्याचं काहीतरी चाललंय, नाही म्हणत नाही. ओला कचरा तर आमच्याकडे प्रश्नच नाही, तो माडाच्या आळ्यात जातो नायतर गुरांना. प्लास्टिक न्यायला ग्रामपंचायतीची गाडी येते, रोज नाही पण येते. त्या गाडीवाल्याला गादी दाखवली की तो लांबूनच हात जोडतो. त्याचंही बरोबर आहे म्हणा, दोन गाद्या चढवल्या की गाडी भरली, मग बाकी वाडीचा कचरा कशात घालणार.

मग उरला भंगारवाला. लोखंडी कपाट, पत्रा, ॲल्युमिनियमचे टोप, वायर, इन्व्हर्टरची बॅटरी हे तो पैसे मोजून नेतो, वर चहा पण पिऊन जातो. फ्रीज पण घेतो, पण त्याला हवा असतो कॉम्प्रेसर आणि तांब्याची नळी. नळी तिथंच मागील दारी कापतो, गॅस हवेत, आणि आतला पिवळा फोम आणि प्लास्टिकचं खोकं आपल्याच गळ्यात. डबा टीव्ही फुकट दिला तरी आता नको म्हणतात, त्याच्या काचेत शिसं असतं आणि ती काच कुणी विकत घेत नाही. फोम, थर्माकोल, पार्टिकल बोर्ड, कमोड यांना भाव शून्य. फणसाचं नायतर सागवानी जुनं सामान असेल तर मुंबईहून लोक विचारत येतात हो, त्याची कुणाला काळजी नाही, काळजी आहे ती हल्लीच्या हप्त्यावर घेतलेल्या फर्निचरची. पूर्वी गादीवाला खळ्यात बसून कापूस पिंजायचा आणि तीच गादी परत भरून द्यायचा, त्यामुळे गादी टाकून द्यायची असते हे आमच्या आजीला माहीतच नव्हतं. फोम काय पिंजणार?

आणि कोकणात या वस्तू लवकर मरतात साहेब. चार महिने पाऊस, बाराही महिने खारी हवा. पार्टिकल बोर्डचं कपाट दोन पावसाळ्यांत खालून फुगतं, मग वाळवी, मग दरवाजा हातात येतो. फोमच्या गादीला आतून बुरशी धरते. त्यात आता घरोघरी होमस्टे झालेत. १९९७ साली आपला जिल्हा पर्यटन जिल्हा जाहीर झाला, चांगलंच झालं, चार पैसे मिळतात, पण पर्यटकाला वास मारणारी गादी चालत नाही, म्हणजे दर थोड्या वर्षांनी एकेका होमस्टेमधून आठ-दहा गाद्या बाहेर. त्या जातात कुठं हे पर्यटन खात्याने कधी विचारलंय असं मला तरी आठवत नाही.

आता जरा आमच्याच माणसांबद्दल बोलतो, राग आला तर येऊ दे. मुंबईत चाळीची बिल्डिंग झाली, १६० चौरस फुटांच्या बीडीडीच्या खोलीतून माणूस ५०० फुटांच्या फ्लॅटमध्ये गेला, आनंदच आहे. पण नवीन घरात नवीन सोफा येतो, आणि जुना सोफा, जुनी कॉट, जुनी वॉशिंग मशीन टेम्पोत घालून येते गावाला. "गावी लागेल", "टाकून कशाला द्यायचा, माळ्यावर राहील". आणि ते घर वर्षातून दोनदा उघडतं, गणपतीला नि मे महिन्यात. मुंबईत टाकायला पैसे पडतात म्हणून गावाला पाठवायचं, आणि गावात ते टाकायची सोयच नाही, म्हणून ते इथंच कुजत बसतं. कोकण म्हणजे अख्ख्या मुंबईच्या फर्निचरचं शेवटचं स्टेशन झालंय. गणपतीआधी साफसफाई करताना माळा उघडला की घराघरातनं एकच वाक्य ऐकू येतं, "आता ह्या खय टाकू?"

तर ते कुठं जातं ते सांगतो. काही व्हाळात, म्हणजे ओढ्यात. पहिल्या मोठ्या पावसात व्हाळ ते खाडीला नेतो आणि खाडी समुद्राला, आणि समुद्र काही ठेवून घेत नाही, भरतीला परत किनाऱ्यावर. काही सड्यावर, म्हणजे गावाबाहेरच्या कातळाच्या माळावर, रस्त्याच्या वळणावर, जिथं रात्री टेम्पो थांबवता येतो. सड्यावर पडलेल्या गादीत उंदीर घर करतात आणि फुटक्या टाकीत पावसाचं पाणी साठून डास, आणि मग भात लावणीच्या दिवसांत आरोग्य खातं उंदरांमुळे होणाऱ्या लेप्टो तापाच्या गोळ्या वाटत फिरतं. उरलेलं लोक जाळतात. फोमची गादी पेटवली की काळा धूर निघतो, त्यात कार्बन मोनॉक्साईड असतो, हायड्रोजन सायनाईड असतो, आणि ते वाडीतली पोरं उभी राहून बघतात. हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळला तर ५ हजार आणि मोठ्या प्रमाणात जाळला तर २५ हजार दंड सांगितलाय. सांगितला ते योग्यच केलं. पण मग जाळायचं नाही, टाकायचं नाही, गाडी नेणार नाही, तर माणसाने त्या गादीचं लोणचं घालायचं का?

तुम्ही म्हणाल टेम्पो करा नि शहरात नेऊन द्या. केलं की. आमच्या वाडीने वर्गणी काढली, छोटा हत्ती ठरवला, घरटी थोडेथोडे पडले, एकेकट्याने टेम्पो करण्यापेक्षा कितीतरी स्वस्त. सामान चढवायला पोरं होती. टेम्पो तालुक्याच्या कचरा डेपोवर गेला तर तिथं उत्तर मिळालं की हा गावचा कचरा आहे, आम्ही फक्त आमच्या हद्दीतला घेतो. त्यांचंही नियमाने बरोबर असेल. पण म्हणजे पैसे आहेत, गाडी आहे, माणसं आहेत, फक्त उतरवायला जागा नाही. सगळ्या पत्राचं सार हेच आहे साहेब, आम्हाला गाडी फुकट नकोय, उतरवायला जागा हवी.

आता निधीचं. स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात ५ हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपये धरले, त्याच्यावरच्या गावांना ४५. दीड हजार वस्तीच्या गावाला हिशेब करा, ९० हजार. त्यात खत खड्डे, गाडी, शेड सगळं. शिवाय माणसं मोजायची कुठली? २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी कमी झाली, सिंधुदुर्गाची साडेआठ लाखांच्या आत आली. माणसं गेली मुंबईला, पण घरं तिथंच, माळे तिथंच, आणि माळ्यावरचं सामान वाढतच चाललंय. निधी राहणाऱ्या माणसांवर मिळतो आणि सामान बंद घरांतनं निघतं, हा हिशेब कुठल्याच फॉर्मवर बसत नाही. कोकणासाठी माणशी ऐवजी घरटी धरा अशी माझी पहिली मागणी.

त्याच योजनेत प्रत्येक तालुक्याला प्लास्टिक कचरा युनिटसाठी १६ लाखांपर्यंत तरतूद होती. चांगली कल्पना, एकेका ग्रामपंचायतीला जे झेपत नाही ते तालुक्याने करायचं. मग त्याच युनिटच्या शेजारी एक मोठी पत्र्याची शेड का नाही? मशीन लागत नाही काही. एक टेबल, पान्हे, करवत, हातमोजे, मास्क. सोफा उघडायचा, लाकूड वेगळं, खिळे-स्प्रिंग वेगळे, कापड वेगळं, फोम वेगळा. लोखंड भंगारात जातं, लाकूड चुलीला चालतं (प्लायवूड नको, त्यात डिंक असतो), फोम दाबून गठ्ठे केले तर गाडीत जागा कमी लागते आणि पुढे कारखान्याला पाठवणं परवडतं. बचत गटाच्या बायका हे काम करतील, फक्त वेळेवर मजुरी द्या. फ्रीज-टीव्ही-वॉशिंग मशीनला तर १ एप्रिल २०२३ पासून नवीन ई-कचरा नियम लागू आहेत, जुना माल रीतसर रिसायकल करायची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवरच टाकलीय. पण कंपनीचं सेंटर कुठं आणि आमचा सडा कुठं. तालुक्याच्या शेडमध्ये माल एकत्र साठला तर त्यांचाही ट्रक येईल, एका फ्रीजसाठी कोण येणार.

होत नाही असं कुणी सांगितलं तर त्याला वेंगुर्ल्याला पाठवा. तिथल्या नगरपरिषदेने कचरा डेपोचं पर्यटन स्थळ करून दाखवलं, लोक बघायला येतात. पुण्यात ‘स्वच्छ’ नावाच्या संस्थेच्या कचरावेचक ठरलेल्या दिवशी सोसायट्यांमधनं जुनं फर्निचर, गाद्या, कपडे गोळा करतात. म्हणजे महाराष्ट्रातच जमलेलं आहे, जपानला दौरा काढायची गरज नाही. २०१६ साली केंद्राच्या ग्रामीण स्वच्छ सर्वेक्षणात सपाट भागातला पहिला नंबर आमच्याच जिल्ह्याचा होता, अभिमान आहेच, पण तेव्हा बघितलं संडास आहे का, वापरता का आणि घराभोवती घाण आहे का. माळ्यावर चढून कुणी बघितलं नाही.

पैसे आम्ही देऊ, पण परवडतील एवढेच. घरपट्टीसोबत घरटी थोडी रक्कम लावा आणि बंद घरांनाही लावा, उलट बंद घरांना आधी लावा. त्यात वर्षाला एक-दोन मोठ्या वस्तू फुकट, त्याच्या वर नगाप्रमाणे दर, आणि तो दर टेम्पोच्या भाड्यापेक्षा कमी असायला पाहिजे, नायतर लोक परत व्हाळाकडेच वळतील. होमस्टेवाल्यांना वेगळा दर लावा, ते धंदा करतात, मी स्वतः पण करतो. पिवळं रेशनकार्ड असेल त्याला काही लावू नका. आणि शेडमध्ये आलेली धड वस्तू लगेच फोडू नका, दोन-चार दिवस बाहेर मांडून ठेवा. आंब्याच्या बागांत राखणीला येणारे नेपाळी गडी, वीटभट्टीवरची, चिऱ्याच्या खाणीवरची माणसं, त्यांना कॉट लागते, टेबल लागतं, पंखा लागतो. आमच्याकडे असं सामान आताही लोक व्हॉट्सॲपवर फोटो टाकून देतात, अर्ध्या तासात उचललं जातं. फक्त पाठवणारा नि घेणारा एका ग्रुपमध्ये असायला लागतो, ही अडचण आहे.

वादळ-पुराचं पण धरून ठेवा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळात रायगडात पत्रे उडाले, २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत घुसलं आणि नंतर रस्त्यांवर भिजलेल्या गाद्या, फ्रीज, कपाटांचे ढीग. पंचनामा नुकसानीचा होतो, ढिगाचा होत नाही. तालुक्याला शेड आधीपासून असेल तर त्या दिवशी निदान कुठं न्यायचं हे तरी ठरलेलं असेल.

शेडपर्यंत सामान नेणारी गाडी वर्षातून दोनदा आली तरी भागेल, मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात, पाऊस लागायच्या आत, आणि दुसरी गणपतीत गौरी-विसर्जनानंतर, चाकरमानी अजून गावात असताना. कारण माळा ते उघडतात, सामान त्यांचं, आणि चढवायला हातही तेव्हाच असतात, एरवी वाडीत साठीच्या आतला माणूस शोधावा लागतो. फक्त तारीख ऐनवेळी जाहीर करू नका. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि कोकणच्या गाड्या काही मिनिटांत फुल्ल होतात, तेव्हा मेची तारीख फेब्रुवारी संपायच्या आत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि मुंबईच्या गावमंडळांना कळली पाहिजे, म्हणजे लोक त्या हिशेबाने तिकीट काढतील.

आपला,
सिंधुदुर्गातला एक घरपट्टी भरणारा गाववाला